चेंडू नारळाला लागला

माझ्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, जडणघडणीच्या आठवणींत सत्तरीनंतरचे प्रकरण घालता येत नाही. विनोद बँकेत नोकरीला आहे आणि त्याला प्रत्येक गोष्ट तिच्या रकान्यात लागते. शाळा, पहिली नोकरी, लग्न, इथवर माणूस घडतो आणि तिथून पुढे तो केवळ म्हातारा होत जातो, असा त्याचा सिद्धान्त आहे. मला तो मान्य नाही. मला मिसरूड फुटले तेव्हा फक्त मिसरूड फुटले. त्याखेरीज माझ्यात काहीही बदल झाल्याचे माझ्या वडिलांनी कधी नोंदवले नाही. मलकापूरच्या एसटी आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून मी निवृत्त झालो तोवर माझी सारी हयात इतरांकडून उत्तरे घेण्यात गेली होती. गाडी उशिरा का आली, फेरी रद्द का झाली, दारावर लटकलेला प्रवासी कोणाचा, हे मी विचारावे आणि समोरच्याने उभ्याने सांगावे. मी मोठा झालो तो मुलींच्या फुटबॉल क्लबाचा अध्यक्ष असताना, एका दुपारी, सर्वांदेखत. त्या दुपारच्या निरनिराळ्या हकिकती गावात फिरत आहेत. चहाच्या टपरीवर एक, बाजार समितीच्या कट्ट्यावर दुसरी, आणि आमच्या व्याह्यांकडे तिसरी, जी सर्वांत वाईट आहे. यांपैकी एकही हकिकत सांगणारा माणूस माझ्याइतका गोलाच्या जवळ नव्हता. इतके सांगून मी प्रकरणाला सुरुवात करतो.

माझी नात संघमित्रा, जिला सगळे मितू म्हणतात, गोलकीपर झाली तेव्हापासून आमच्या घराचे आवाज बदलले. पूर्वी सकाळी मालगाडीचा भोंगा ऐकू येई, मग विहारातली वंदना, मग सुमनचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, भाकरी थापणे. आता या सर्वांच्या वर लोखंडी फाटकावर चेंडू आपटण्याचा आवाज असे. मितू स्वतःच चेंडू फाटकावर मारी, तो परत आला की झेप घेऊन पकडी, आणि झेप चुकली की अंगणातल्या मिरचीच्या वाळवणावर जाऊन पडे. मग शिंका. सगळ्या घराला शिंका. अखेरीस सुमनने गच्चीवर घरातल्या सगळ्या गाद्या अंथरून दिल्या आणि पोरगी त्यांवर दिवसभर उजवीडावीकडे झेपावू लागली. गाद्यांतला कापूस एका बाजूला गोळा झाला, पिंजाऱ्याला वर्षातून दोनदा बोलवावे लागले, आणि त्या काळात मी ज्या अंथरुणावर झोपलो त्याला मध्यभागी एक डोंगर होता. तिचे हातमोजे दोरीवर माझ्या सदऱ्याशेजारी वाळत. त्यांचा वास असा असे की एकदा पाहुणे म्हणून आलेले व्याही सदरा माझाच समजून मला वैद्यांचा पत्ता देऊन गेले. मी तक्रार केली नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि हिरव्या मिरचीचे भरीत खाताना ती हाताचे पंजे पसरून दाखवी, ‘आबा, पाहा, किती मोठे झाले,’ आणि मी माझा पंजा तिच्या पंजाला लावून मोजत असे. ही गोष्ट व्याही सांगत नाहीत.

क्लबाविषयी थोडे सांगणे भाग आहे. खेळायला अकरा मुली जमवण्यासाठी आमच्या प्रशिक्षक सोनाली मॅडम यांना घरोघर हिंडावे लागे. पदाधिकारी मात्र आपण होऊन येत. अध्यक्ष मी होतो. सचिव चोपडे शेठ, ज्यांचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. त्याशिवाय कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सहसचिव, आणि एक मार्गदर्शक, ज्यांना मी आजतागायत पाहिलेले नाही. मैदान म्हणजे बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीचे आवार. गोलाचे खांब बांबूचे. आणि एका गोलाच्या मागे, जिथे जाळी असायला हवी तिथे, क्लबाचा फ्लेक्स ताणून बांधलेला. त्यावर आम्हा सर्व पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे होती, हात जोडलेली, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा मुलींचा संघ. फ्लेक्स तिथे का, असे आज लोक विचारतात. बांबू तिथे होते म्हणून.

शिस्त मी आणली, आणि ती मी एसटीतून आणली. सामना हरलो की त्यानंतरच्या रविवारी आमच्या ओसरीवर बैठक भरे. पदाधिकारी खुर्च्यांवर, मुली सतरंजीवर. जिच्याकडून कसूर झाली तिने उभे राहून खुलासा द्यायचा, शेवटी ‘चूक माझी’ म्हणायचे, आणि मी ‘बस’ म्हटल्यावरच बसायचे. मोसमाच्या शेवटच्या सामन्याचा खुलासा जिच्यावर येई तिची जागा पुढच्या मोसमात दुसरीला जाई, हा चोपडे शेठ यांनी घातलेला पोटनियम. त्यांच्या भाचीला गोलकीपर व्हायचे होते, हे मला उशिरा कळले. सोनाली मॅडमनी एकदा विचारले होते, ‘सर, खुर्चीवरच्यांचा खुलासा कधी घ्यायचा?’ मी म्हणालो, खुर्चीवरचे खेळत नाहीत. हे उत्तर मला बिनतोड वाटले होते.

अशाच एका बैठकीत म्हशीचे प्रकरणही आले, आणि ते इथेच सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. हरलेल्या एका सामन्यात कोणाची तरी म्हैस आवारात शिरली. आमच्यावर आलेला चेंडू तिच्या पोटाला लागून गोलात गेला. पंचांनी गोल रद्द केला आणि नियम समजावून सांगितला: मैदानात शिरलेला जीव दोन्ही संघांना परका असेल तर गोल नाही, पण ज्या संघावर गोल झाला त्याच संघाचा तो असेल, खेळाडू असो की पदाधिकारी, तर गोल कायम. आमची कर्णधार रुख्सार हिला मी तरीही खुलाशाला उभे केले. तिने म्हैस आधी पाहायला हवी होती, असे माझे मत होते.

‘सर, म्हैस मागून आली,’ रुख्सार म्हणाली.

‘कर्णधाराला मागचे दिसले पाहिजे.’

‘मंग म्हशीलेच कॅप्टन करा न. तिचे डोळे बाजूले असतात.’

सतरंजीवर हसू फुटले. मी ते नोंदवून घेतले.

अंतिम सामना पिंपळगाव राजाच्या मुलींशी होता. जिंकणारा संघ जिल्ह्याला, बुलढाण्याला जाणार होता. मितूने आठवडाभर धड जेवण केले नाही. पिशवी मात्र आधीच भरून ठेवली होती, तीत दोन दिवसांचे कपडे होते, कारण बुलढाण्याला मुक्काम पडतो असे कोणीतरी तिला सांगितले होते. प्रमुख पाहुणे बोलावले होते. त्यांचे नाव मी घेत नाही. ते स्वतः सर्वत्र घेतात. सामना सुरू होण्यापूर्वी त्यांचा सत्कार व्हायचा होता, पण पाहुणे धाड गावी एका लग्नात अडकले आणि पूर्वार्ध सत्काराविना खेळावा लागला. बरोबरी. एकही गोल नाही. मुली मध्यंतरात लिंबू चोखत बसल्या असताना जीप आली.

सत्कार मध्यंतरात उरकायचा असे सर्वानुमते ठरले. पाहुण्यांनी अट घातली की छायाचित्रात मागे फ्लेक्स आला पाहिजे. फ्लेक्स गोलात होता. म्हणून पाहुणे, मी, चोपडे शेठ, कार्याध्यक्ष आणि उपाध्यक्ष गोलात उभे राहिलो. चोपडे शेठ यांनी पाहुण्यांचा परिचय करून दिला, जो लांबला, कारण पाहुण्यांनी त्यात मधून मधून भर घातली. शाल झाली. गुच्छ झाला. मी नारळ पुढे केला, पाहुण्यांनी तो धरला, आणि मोबाइलवर फोटो काढणारे सहसचिव म्हणाले, ‘दोघंही धरून ठेवा. हालू नका.’ या वाक्याला पुढे कोणीही महत्त्व देत नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पंच अकोल्याहून आलेले तरुण गृहस्थ होते. त्यांचे घड्याळ आणि आमचा समारंभ यांची भेट कधीच झाली नव्हती. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे फ्लेक्सचा गोल आता आमचा झाला होता. मितू आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, ‘आबा, सरका न. सुरू झाली मॅच.’

‘हालू नका, हालू नका,’ सहसचिव म्हणाले. ‘डोळे मिटले तुमचे.’

यानंतर काय झाले याबद्दल मतभेद आहेत. टपरीवरचे लोक म्हणतात, चेंडू माझ्या पोटाला लागला. बाजार समितीत टोपी सांगतात. मी टोपी घालत नाही. व्याह्यांच्या हकिकतीत मी घाबरून चेंडूला लाथ मारतो. सत्य असे: पिंपळगावच्या एका उंच मुलीने दुरून चेंडू मारला. तो गोलाच्या बाहेर जात होता, हे मितूला कळले आणि तिने तो जाऊ दिला. तो माझ्या उजव्या हातातल्या, खांबाबाहेर आलेल्या नारळावर आदळला, दिशा बदलून फ्लेक्सवर, नेमका कार्याध्यक्षांच्या चेहऱ्यावर बसला आणि खाली पडला. गोलरेषेच्या आत. पाहुणे म्हणतात की त्या क्षणी नारळ पूर्णपणे माझ्या ताब्यात होता. फोटोवरून काही सिद्ध होत नाही. त्यात आम्हा सर्वांचे डोळे मिटलेले आहेत आणि नारळ चोपडे शेठ यांच्या शालीमागे झाकलेला आहे. शाल पाहुण्यांना दिलेली होती. ती चोपडे शेठ यांच्या खांद्यावर कशी आली, हा वेगळा विषय आहे.

पंच धावत आले, आम्हा पाचांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि मला वाटते त्यांना म्हशीचा नियम आठवला. त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारले, ‘आपण या संघाचे कोणी आहात का?’

पाहुणे प्रथम बोलले. ते म्हणाले, आपण कोणाचेच नाही. ते खरे होते. मग कार्याध्यक्षांनी मान हलवली. उपाध्यक्ष म्हणाले की ते इथून जात होते. चोपडे शेठ यांनी खांद्यावरची शाल सावरली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितले, ‘साहेब, या टीमशी माहा काही संबंध नाही.’ त्यांच्या मागे, फ्लेक्सवर, हात जोडलेले चोपडे शेठ हसत होते आणि खाली ठळक अक्षरांत सचिव असे लिहिलेले होते. अशा रीतीने क्लबाची कार्यकारिणी एकेक करून म्हशीच्या बाजूला गेली, आणि पंच माझ्याकडे वळले.

रुख्सार धावत आली होती. ती हळूच म्हणाली, ‘आबा, नाही म्हना न. फक्त आज.’ सोनाली मॅडम रेषेबाहेर उभ्या होत्या. त्यांनी काहीही सुचवले नाही, आणि मी त्यासाठी त्यांचा आजही आदर करतो. गावात सांगतात की मितू रडत होती, हात जोडत होती. मितू रडत नव्हती. ती गुडघ्यांवर हातमोजे टेकून वाकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तशी ती रविवारी ओसरीवर पाही, जेव्हा सतरंजीवरून उठण्याची पाळी दुसऱ्या कोणाची असे.

‘मी या संघाचा अध्यक्ष आहे,’ मी म्हणालो.

पंचांनी मध्यरेषेकडे हात केला. गोल कायम.

आम्ही त्या एका गोलाने हरलो. गावाचे मत असे की म्हाताऱ्याला मिरवायची इतकी हौस की पोरींचे बुलढाणे घालवले पण अध्यक्षपद सोडले नाही. या आरोपाला माझे उत्तर सरळ आहे. वर्षभर मी त्या मुलींना विचारत आलो की जबाबदार कोण, आणि वर्षभर त्यांपैकी एकेक जण उभी राहून ‘मी’ म्हणत आली. रुख्सार तर म्हशीसाठीही उभी राहिली. त्यानंतर मला कोणी तोच प्रश्न विचारला असताना मी इथून जात होतो असे सांगणे मला जमण्यासारखे नव्हते. याला कोणी हौस म्हणो.

संध्याकाळी घरी भरीत होते. मितूची भरलेली पिशवी दाराशी तशीच होती. सुमनने माझ्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, ‘एक दिवस म्हैस झाले असते तं काय बिघडलं असतं?’

मितू खाली मान घालून जेवत होती. ती तशीच म्हणाली, ‘नाही जमलं असतं, आजी. आबा म्हशीसारखे दिसत नाहीत. पंचानं मानलं नसतं.’ मग तिने भरीत पुन्हा मागितले. त्या आठवड्यात प्रथमच.

नारळ मी जपून घरी आणला होता. त्याच्या शेंडीपासून खाली एक बारीक तडा गेला होता, ताजा, चेंडूच्या आघाताचा, आणि माझ्या बाजूने बोलणारी ती एकमेव वस्तू होती. मी तो देव्हाऱ्यात ठेवावा तितक्या मानाने फडताळात ठेवला.

रविवारी बैठक भरली. चोपडे शेठ वेळेवर आले, खुर्चीवर बसले. कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सहसचिवही आले. चोपडे शेठ यांनी घसा साफ केला. ‘शेवटची मॅच हरली. गोल गोलकीपरवर झाला. आम्हाले बाजूले व्हा म्हनायचं काम तिचं होतं. संघमित्रानं खुलासा द्यावा आन पोटनियमानं हातमोजे जमा करावे.’ त्यांची भाची सतरंजीच्या टोकाला बसली होती आणि, तिच्या बाजूने सांगायचे तर, तिला कुठे पाहावे ते कळत नव्हते.

मितू उठली. हातमोजे तिने बरोबर आणले होते, धुऊन, घडी करून. तिने तोंड उघडले, पण तिच्याआधी रुख्सार उभी राहिली.

‘थांब मितू. चोपडे काका, तुम्ही कोन?’

‘म्हंजे? मी सचिव आहे.’

‘कोनाचे?’

‘क्लबाचा. काय लावलं वं हे?’

‘तुम्ही तं पंचाले सांगतलं का या टीमशी तुमचा काही संबंध नाही. पूर्ण ग्राउंडनं ऐकलं. पिंपळगावच्या पोरींनीबी ऐकलं.’

‘अवो, ते तुमच्याच भल्यासाठी म्हटलं मी.’

‘हाव न,’ रुख्सार म्हणाली. ‘मंग आमच्या भल्यासाठी तसंच राहू द्या.’

चोपडे शेठ यांनी माझ्याकडे पाहिले. मी ओसरीच्या छताकडे पाहिले. रुख्सारने मग कार्याध्यक्षांकडे मान वळवली. ते प्रश्नाची वाट न पाहता चपला शोधू लागले. उपाध्यक्षांना तिने विचारले, ‘तुम्ही इथून जाऊन राह्यले होते न?’ आणि ते गेले. सहसचिव कुणी काही न म्हणता निघाले. ते फोटो काढत होते, त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते, पण त्यांनी धोका पत्करला नाही. खुर्च्या रिकाम्या झाल्या. फाटकाबाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. सोनाली मॅडम भिंतीला टेकून खाली, मुलींबरोबर, बसल्या होत्या. एकच खुर्ची भरलेली होती.

मुलींनी मला ओढून उभे केले, असे चोपडे शेठ सांगतात. ते तेव्हा तिथे नव्हते. मी स्वतःहून उठलो. गुडघ्यांमुळे मला उठायला वेळ लागतो. त्या विलंबाला लोक संकोच समजतात. मी उभा राहिलो, हात मागे बांधले, आणि मुलींना जसे शिकवले होते तसे क्रमाने सांगू लागलो. फ्लेक्स कुठे बांधायचा हे खुर्च्यांनी ठरवले. सत्कार कधी करायचा हे खुर्च्यांनी ठरवले. शिट्टी मी ऐकली, आणि मी जागचा हललो नाही, कारण मला हलू नका असे सांगण्यात आले होते. मितूने सरका म्हटले होते, तेही मी ऐकले. चेंडू बाहेर जात होता. गोलकीपरचा अंदाज बरोबर होता. ‘मात्र,’ मी म्हणालो, ‘एक गोष्ट नोंदवली गेली पाहिजे. तो चेंडू माझ्या पोटाला लागला नाही, डोक्याला लागला नाही. तो नारळाला लागला. पुरावा या घरात आहे.’ आणि मी आत आवाज दिला, ‘सुमन, फडताळातला नारळ आण.’

मग सुमन थाळी घेऊन बाहेर आली. थाळीत खोबऱ्याच्या वड्या होत्या, वेलदोडा घातलेल्या, अजून कोमट.

‘तडकला होता,’ ती म्हणाली. ‘खराब झाला असता. आन पोरी येनार म्हटल्यावर काय द्यायचं?’

मुलींनी माझा पुरावा खाल्ला. भरभर खाल्ला, आणि रुख्सारने दोनदा घेतला. मी उभाच होतो. खुलासा देणाऱ्याने बस म्हटल्याशिवाय बसायचे नाही, हा माझाच नियम होता आणि ते म्हणणारी खुर्ची आता रिकामी होती. मी इकडेतिकडे पाहिले. मितूने हातमोजे काखेत मारले, थाळीतली एक वडी उचलली, माझ्याजवळ आली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिचा पंजा खरोखरच मोठा झाला होता.

‘बसा, आबा,’ ती म्हणाली.

मी बसलो.

हातमोजे तिच्याकडेच राहिले. हे लिहीत असताना ते दोरीवर माझ्या सदऱ्याशेजारी वाळत आहेत आणि फाटकावर चेंडू आपटतो आहे. आवारात नवा फ्लेक्स लागला आहे, गोलापासून लांब, कुंपणाला. त्यावर मुली मोठ्या आहेत आणि खाली कोपऱ्यात तिकिटाएवढा मी. विनोद म्हणतो ही शिक्षा आहे. पण त्याने नीट पाहिलेले नाही: कार्यकारिणीत मी एकटाच आहे. वडी उत्तम झाली होती, हे मी सुमनला तेव्हाच सांगितले, आणि त्याने माझ्या म्हणण्यात काही फरक पडत नाही. चेंडू नारळाला लागला.